कबड्डीतला पहिला क

कोपरी, ठाणे (पूर्व)
३ नोव्हेंबर २०२५

सुमतीताईंना सप्रेम नमस्कार.

जिल्ह्याच्या कुमारी संघात चढाईची एकच जागा रिकामी आहे. काल संघटनेच्या बैठकीतून बाहेर पडल्या पडल्या दिपेशने मला फोन करून हे सांगितलं. तो आमच्या मंडळाचा प्रशिक्षक असला, तरी अशा बाबतीत तिखटमीठ लावत नाही. गेल्या वर्षीच्या दोन चढाईपटू कायम आहेत, तिसरीचं वय उलटलं. निवड चाचणी १४ डिसेंबरला, रविवारी. म्हणजे कोपरीची क्षिप्रा की मोहन्याची अक्षदा, हा आपला दिवाळीपासूनचा वाद आता आपल्या हातात राहिलेला नाही.

हे मी मोबाइलवरच लिहिलं असतं. पण संचिताने घरच्या ग्रुपवर कबड्डीचं नाव काढायला बंदी घातली आहे. "दोघी आयांनी काय ते पोस्टाने भांडा," असं तुमची लेक, म्हणजे माझी सून, मला म्हणाली आणि माझा मुलगा शेजारी बसून मान डोलवत होता. दुसऱ्या दिवशी साकेतने खरंच पाकिटं आणून दिली. तेव्हा आता पोस्टाने.

माझं मत तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते. क्षिप्रा सतरा वर्षांची आहे आणि आत्ताच तिला मैदान दिसतं. समोरच्या सातजणींपैकी कुणाचा तोल पुढच्या पायावर आहे, हे ती शिरता शिरता ओळखते. अशी नजर शिकवून येत नाही. मी आयुष्यभर शाळेत खेळ शिकवला, पंच म्हणून शिट्टी फुंकली. अशा मुली बोटावर मोजण्याइतक्या पाहिल्या.

आणि अक्षदाबद्दल स्पष्टच लिहिते, राग मानू नका. डोंबिवलीच्या उपान्त्य सामन्यात मी मध्यरेषेजवळ बसले होते. तिच्या एकाही चढाईत मला 'कबड्डी कबड्डी' ऐकू आलं नाही. पंच नवखे होते, त्यांनी सोडून दिलं. चाचणीला तसं होणार नाही. मुलगी दम चोरते. आत शिरल्यावर श्वास घेते आणि ओठ हलवत राहते. ताकद आहे, नाकारत नाही. पण चोरलेल्या दमावर कोणीही ताकदवान दिसेल.

बाकी क्षेम.

तुमची,
सरोज


मोहने
७ नोव्हेंबर

विहीणबाई, नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. पोस्टमनने दारातून हाक मारली, "आजी, कोर्टाचं काय आलंय काय?" म्हटलं, कोर्टाचंच समज बाबा, विहिणीचं आहे.

क्षिप्राचा पाय चपळ आहे, मी कधी नाही म्हटलं? पण ती चढाई करते म्हणजे काय करते? बोट लावून पळते, बोनस घेऊन पळते. दारावरची बेल वाजवून पळणारी पोरं असतात ना, तशी. बेल वाजवली म्हणजे घर जिंकलं होत नाही. एकदा दोघींनी साखळी करून तिचा गुडघा धरला की खेळ खलास. डोंबिवलीला फायनलला काय झालं ते मी पण बघितलंय. मी पण तिथेच बसलेले, तुमच्या मागच्या रांगेत वडा खात.

आमच्या अक्षदाला त्याच स्पर्धेत चौघींनी धरलेलं. एक कमरेला, दोघी पायाला, एक पाठीवर. चौघींना ओढत आणली आणि मध्यरेषेला बोट टेकवलं. अख्खं मैदान उभं राहिलं, तुम्ही सोडून. तुम्ही चष्मा पुसत होता.

आणि नजर नजर काय करता? क्षिप्राला अजून दोन हंगाम आहेत. अक्षदाचं हे शेवटचं वर्ष. जिल्ह्यातून खेळली तर राज्याच्या स्पर्धेला जाईल, तिथलं प्रमाणपत्र मिळालं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज टाकता येईल. नाहीतर तिची आई शकू पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते, तिथे हिच्यासाठी दुसरा पोळपाट तयारच आहे. पोरगी हे सगळं जाणून खेळते. तुमची क्षिप्रा हौसेने खेळते. दोन्ही बरोबर आहे, पण सारखं नाही.

दम चोरते म्हणालात ते मात्र लागलं. माझ्या हाताखाली पोरगी तयार झालीय. चोर नाही. कान तपासून घ्या.

सुमती


कोपरी
१२ नोव्हेंबर

सुमतीताई,

कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम.

मग सोमवारी कल्याणला गेले. तुमचा तिथे सामना आहे हे दिपेशकडून कळलं होतं. तुम्ही तुमच्या मुलींच्या बाजूला ओरडत होता, म्हणून तुम्हाला हाक मारली नाही. मी मुद्दाम पलीकडच्या बाजूला, रेषेला लागून उभी राहिले. अक्षदाच्या सगळ्या चढाया डोळ्यांत तेल घालून पाहिल्या.

पहिलं म्हणजे, ती दम चोरत नाही. श्वास तुटत नाही, छाती मध्येच फुगत नाही. माझा आरोप चुकीचा होता, तो मी मागे घेते. आणि त्या दिवशी तिने डाव्या कोपऱ्यातल्या मुलीला जी थाप मारली, तशी थाप क्षिप्राकडे नाही. हेही लिहून ठेवते.

दुसरं. तिचे ओठ चंबूसारखे पुढे येतात. 'कबड्डी' म्हणताना ओठ असे होत नाहीत. आरशासमोर उभं राहून बघा, मी पाहिलं. साकेत दारात उभा राहून विचारत होता, "आई, बरं आहे ना?"

ती मुलगी काय म्हणते, सुमतीताई? खरं सांगा.

सरोज


मोहने
१६ नोव्हेंबर

विहीणबाई,

हुतूतू म्हणते. झालं समाधान?

आता विचारलंच आहे तर पुरतं ऐका. अक्षदा पहिल्यांदा मैदानावर आली तेव्हा मी नाव विचारलं. "अक्षदा" चटकन म्हणाली. आडनाव विचारलं तर तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कदम आहे आडनाव. क आला की तिचा घसा बंद होतो. पोरी हसायला लागल्या, मी दोघींच्या पाठीत घातली.

बाकी बोलते बऱ्यापैकी. कबड्डी कबड्डी एकदा सुरू झालं की लयीत चालू पण राहतं. पण पहिला क निघत नाही. तो मध्यरेषेच्या आधी निघायला पाहिजे ना? ही मध्यरेषेपाशी उभी, मान ताठ, डोळे मोठे, आवाज नाही. थांबायला वेळ नाही म्हणून तशीच आत पाय टाकायची. मग पंचाची शिट्टी, उच्चार उशिरा, परत जा, समोरच्यांना गुण. एका सामन्यात तीनदा झालं. घरी जाऊन शकूला म्हणाली, मी आता पकडीलाच उभी राहणार, चढाई नको. एवढा हात असलेली पोरगी!

मी म्हटलं, सोड तो क. आम्ही गावाला खळ्यात खेळायचो तेव्हा कुठे कबड्डी होती? हुतूतूच म्हणायचो. म्हण बघू. ती जी सुटली ती समोरच्या रेषेपर्यंत. त्या दिवशी तिचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही. मी तिला एवढंच सांगितलं, हळू म्हण. आमच्याकडचे पंच कानात बोट घातल्यासारखे असतात, चालून गेलं.

कबड्डीच म्हणायला लागतं, दुसरं काही चालत नाही, हे मला माहीत आहे. तिला नाही. तिला मी म्हटलंय, जुनं नाव आहे, दोन्ही चालतं. खरं सांगितलं तर बिचकेल, आणि बिचकली तर संपली.

हे विहिणीने विहिणीला लिहिलंय. पोटात ठेवा.

सुमती


कोपरी
१९ नोव्हेंबर

सुमतीताई,

तुमचं पत्र मंगळवारी आलं. सोमवारी संध्याकाळी दिपेश पेढे घेऊन आला होता. संघटनेने मला निवड समितीत घेतलं आहे. एक दिवस आधी पत्र आलं असतं, तर मी तिथेच नाही म्हटलं असतं.

आता माझी अवस्था बघा. तिथे बसून मी अक्षदाच्या चढाया पाहायच्या आणि मला काहीच माहीत नाही असा चेहरा ठेवायचा, हे जमणार नाही. आणि सांगायचं, तर तुम्ही विश्वासाने लिहिलेलं सांगायचं. त्यातून मी क्षिप्राची पाठराखीण. उद्या कोणी म्हणेल, बाईंनी आपल्या मुलीसाठी दुसरीचा काटा काढला, तर मी काय उत्तर देऊ?

पण ते माझं मी बघेन. मला काळजी वेगळीच आहे. चाचणीला राज्य पातळीवरचे पंच येणार आहेत. ते चढाई करणाऱ्या मुलीच्या बरोबरीने रेषेवरून चालतात आणि कान तिकडेच असतो. पहिल्याच चढाईला ते तिला परत पाठवतील. ती विचारेल, का? आणि ते सगळ्यांसमोर सांगतील. तुमच्या मुलीला ते पहिल्यांदा तिथे कळावं, असं तुम्हाला वाटतं का?

तिला आत्ता सांगा. अजून वेळ आहे. या महिन्याअखेर तुम्ही सांगितलं नाहीत, तर मी सांगेन. धमकी समजू नका. समजलात तरी माझा इलाज नाही.

सरोज


मोहने
२३ नोव्हेंबर

सरोजबाई,

सांगणार नाही. तुम्ही पण सांगायचं नाही.

समितीत बसा, पेढे खा. क्षिप्राचा रस्ता मोकळा झाला. मीच माझ्या हाताने मोकळा करून दिला. पोटात ठेवा म्हटलं तर तुमच्या पोटात कायद्याचं पुस्तक.

उत्तर नको.

सुमती


मोहने
३ डिसेंबर

विहीणबाई,

उत्तर नको म्हटलेलं आणि आता मीच लिहायला बसले आहे.

अक्षदा शनिवारपासून मैदानावर आलेली नाही. आमची कल्याणची मॅच त्याच दिवशी होती. मॅच संपल्यावर तुम्ही टाकीच्या मागे तिच्याशी बोलत होता, असं आमच्या पोरींनी बघितलं. म्हणजे तुम्ही सांगितलंत.

रविवारी मी तिच्या घरी गेले. शकू दारातच म्हणाली, "काकी, आज नको." मी तरी आत गेले. पोरगी मोरीत बूट धूत होती. बूट धुवायची काय गरज, परवाच धुतलेले. मी म्हटलं, अक्षदा, रागावलीस? तिने दुसरा बूट घासायला घेतला. मग म्हणाली, "आजी, मी मारलेल्या सगळ्या चढाया खोट्या होत्या?" मी म्हटलं, खोट्या कशा, गडी खरे बाद झालेत ना? ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं." एवढंच. एकदाही अडखळली नाही. अडखळली असती तर बरं वाटलं असतं मला.

सोमवारी गेले तर घरात नाही. काल गेले तर नाही. शकू म्हणते, मी कामावरून यायच्या आधीच पोरगी बाहेर पडते, जेवायच्या वेळेला येते, कुठे जाते सांगत नाही. शहाड स्टेशनवर तिला कुणी तरी बघितलेलं. कुठल्या मॉलमध्ये नोकरी बघते की काय? खेळ सोडला की काय? चाचणी पुढच्याच रविवारनंतरच्या रविवारी आलीय. माझा भात दोनदा लागला. मैदानावर पोरी विचारतात, मी म्हणते बरं नाही तिला.

तुम्ही तिला नक्की काय सांगितलंत ते मला शब्दाला शब्द लिहा. मग तुम्हाला काय म्हणायचं ते ठरवते.

सुमती


कोपरी
६ डिसेंबर

सुमतीताई,

अक्षदा रोज संध्याकाळी कोपरीला येते. आमच्या मैदानावर. हे मी तुम्हाला आधीच कळवायला हवं होतं. तिने "आजींना सांगू नका" म्हटलं आणि मी ऐकलं. तुमचं गुपित पोटात ठेवता आलं नाही आणि तिचं ठेवलं, यावर तुम्ही जे म्हणाल ते मला मान्य आहे.

टाकीमागे मी सांगितलं ते असं: नियमात एकच शब्द चालतो, आणि तुझ्या बाईंनी तुला चढाई करता यावी म्हणून दुसरा दिला. ती रडली नाही. तिने अडखळत अडखळत विचारलं, "मग क कसा काढायचा?" मी म्हटलं, ते मला माहीत नाही, पण कुठे काढायचा ते माहीत आहे. उच्चार मध्यरेषेवरच सुरू केला पाहिजे असा नियम नाही, तिच्या आधी सुरू झाला पाहिजे असा आहे. तू पार मागे, आपल्या शेवटच्या रेषेपाशी उभी राहा. तिथे अडखळलीस तर शिट्टी नाही. निघाला क, की चालत सुट.

अडचण एकच. समोरची चढाई संपली की पाच सेकंदांत आपली निघावी लागते. त्या पाच सेकंदांत क निघाला पाहिजे.

परवा बहुतेक वेळा निघाला. काल एकदाही नाही. काल ती शेवटच्या रेषेवर उभी होती आणि सगळं मैदान श्वास धरून होतं. तेच चुकत असावं, असं मला आता वाटतं. आज मुलींना सांगितलं, बोलत राहा, टाळ्या वाजवा, तिच्याकडे बघू नका. थोडं बरं झालं. खात्री मात्र देत नाही.

क्षिप्राचं ऐकायचंय? मी तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.
"बाई, जागा एक आहे," ती म्हणाली.
"हो."
"आणि तुम्ही तिला शिकवणार?"
"तुलाही शिकवतेच की."
"तुम्ही नक्की कुणाच्या?"
ती बॅग उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली आणि स्वतःहून अक्षदासमोर पकडीला उभी राहिली. मला भरून आलं. ते तिने ओळखलं असावं, कारण म्हणाली, "गैरसमज करून घेऊ नका बाई. चाचणीआधी हिला कशी धरायची ते मला शिकायचंय." रोज शिकते आहे. परवा एकदा धरलं तिने अक्षदाला, एकटीने, घोट्यात. तेव्हा बेल वाजवून पळते हे वाक्य तुम्हाला बदलावं लागेल.

समितीतून मी नाव काढून घेतलं. कारण दिलं नाही. दिपेश माझ्याशी नीट बोलत नाही. माझ्या आवडीच्या मुलीला निवडायची संधी होती, ती गेली. खरं सांगते, ते टोचतं. अजूनही मला वाटतं, जागा क्षिप्राची आहे. पण ती पंचाच्या शिट्टीने मिळालेली मला नको.

सरोज


मोहने
१० डिसेंबर

विहीणबाई,

पत्र दोनदा वाचलं. आधी तुमच्यावर चिडले, मग शकूवर, मग कुणी उरलंच नाही.

काल संध्याकाळी पोरगी मैदानावर आली. सरळ शेवटच्या रेषेवर जाऊन उभी राहिली. पोरींना सांगून ठेवलेलं दिसत होतं, त्या आपापसात बोलायला लागल्या. मी माझ्या नेहमीच्या जागेवर, समोर. तिने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि गेली. हुतूतू.

अर्ध्यातून परत आली. पुन्हा उभी राहिली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे चालत आली.

"आजी, तुम्ही समोर उभ्या राहू नका."
"का गं?"
"तुम्हाला बघितलं की हुतूतूच येतं."

मी म्हटलं, बरं. बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले, भिंतीला पाठ लावून. तिथून काही दिसत नाही. आधी नुसती पोरींची बडबड. मग टाळ्या. मग तिचा आवाज आला, मोठा, भांडल्यासारखा. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. मी इतकी वर्षं तिला हळू म्हण, हळू म्हण सांगत आले, तिचा आवाज एवढा मोठा आहे हेच मला माहीत नव्हतं. मग परत एकदा काहीच नाही. मग परत आवाज. कधी येतो, कधी येत नाही. मी तिथे भाजीवाल्यासमोर पिशवी न घेता उभी, तो विचारतो, "मावशी, काय देऊ?"

आता रविवारचं. दोन संघ पाडलेत, यादी आली आहे. अक्षदा एकात, क्षिप्रा दुसऱ्यात, हे तुम्हाला दिपेशने नाही सांगितलं तर मी सांगते. सकाळी आठला वजन, नऊच्या सुमाराला नाणेफेक. अक्षदाच्या संघाने नाणेफेक जिंकली तर चढाई घेणार आणि पहिल्या चढाईला तीच जाणार. मी म्हटलं, पहिलीच कशाला, जरा अंग मोकळं होऊ दे. ती म्हणाली, "नाही आजी, पहिलीच."

मी येणार आहे. पण मोहन्याच्या पोरींच्या बाजूला बसले तर तिला दिसेन. तेव्हा तुमच्या कोपरीच्या लोकांत माझ्यासाठी एक खुर्ची धरा, मागच्या बाजूला, कुणीतरी उंच माणूस पुढे असेल अशी. तुमच्या लोकांना सांगा, मी ओरडणार नाही. पहिल्या चढाईपर्यंत तरी नाही.

क नाही निघाला तर तुम्ही माझ्याशी काही बोलू नका. मी आपली उठून जाईन.

आणि निघाला, तर घोट्यात धरायचं म्हणते ना तुमची क्षिप्रा? धरून दाखव म्हणावं.

सुमती